व्हिडिओ की हाताने सोडवायचे धडे? बुद्धिबळ वर्गाच्या प्रकल्प नोंदी

१९ एप्रिल २०२५

परीक्षा संपल्या की मानेवाड्याकडच्या वाचनालयाच्या हॉलमध्ये उन्हाळी बुद्धिबळ वर्ग सुरू होईल. मे महिन्यात नागपुरात दुपारी पोरांना बाहेर सोडण्याची सोय नसते, त्यामुळे कूलर, सतरंज्या आणि लाकडी पट एवढ्या भांडवलावर वर्ग छान भरतो. शिकवणारे सर स्वतः रेटेड खेळाडू. भिंतीवर टांगलेल्या चुंबकी डेमो बोर्डावर शिकवतात आणि मोबाइलबद्दल त्यांना विशेष प्रेम नाही.

यंदा त्यांची तक्रार वेगळी आहे. मुलं यूट्यूबवरून बरंच काही पाहून येतात. काहीही दाखवायला घेतलं की ‘हे माहितीये सर’ म्हणतात आणि डाव मांडला की त्यातलं काहीच हातून होत नाही. घरी सराव करायला काहीतरी द्यायला हवं. सरांनी बोलायचं आणि मुलांनी पाहायचं असे व्हिडिओ द्यायचे, की मोबाइलवर स्वतः खेळी करत पुढे जायचे धडे? वर्गात कॉम्प्युटरचं काम करणारा मी एकटाच, म्हणून हे माझ्या गळ्यात पडलंय.

ठरलं असं: दोन्ही बनवायचे. विषय तेच, पोझिशन त्याच, भाषा मराठीच. खर्च शून्य. सुरुवात लीचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर. फुकट, जाहिराती नाहीत, सगळा कोड खुला, आणि तिथल्या ‘स्टडी’मध्ये धडा लिहिता येतो. मुलाने चुकीची खेळी केली तर काय सांगायचं, इशारा कोणता द्यायचा, हे प्रत्येक खेळीला टाकता येतं.

२७ एप्रिल २०२५

वर्ग सुरू. धडे बनवण्याआधी मुलं खेळताना नुसतं बघत बसलो, आणि एका डावातच अर्ध्या प्रकल्पाचा आराखडा मिळाला.

सहावीतला एक मुलगा ‘मला फ्राइड लिव्हर येतो’ (डावाच्या सुरुवातीचा एक हल्ला) असं जाहीर करूनच पटावर बसला. ई४, ई५, घोडा एफ३, घोडा सी६, उंट सी४ (अक्षर म्हणजे उभी पट्टी, आकडा म्हणजे आडवी रांग). इथपर्यंत व्हिडिओत होतं तसंच. समोर पाचवीतली मुलगी होती. तिने उंट सी५वर आणला. याने क्षणभरही न थांबता घोडा जी५वर टाकला. मुलीने पटाकडे पाहिलं, याच्या तोंडाकडे पाहिलं, मग वजीर उचलून घोडा मारला. घोड्याच्या पाठीशी कोणीच नव्हतं. ‘व्हिडिओत तर तिने घोडा आणलेला’ असं पुटपुटत पठ्ठ्या पुढचा डाव खेळत राहिला.

बरोबर आहे, व्हिडिओत काळ्याने घोडा एफ६वर आणलेला असतो. गंमत अशी की तोच घोडा काळ्या वजिराच्या वाटेत उभा राहतो. डी८, ई७, एफ६, जी५ हा कर्ण एफ६ला अडतो, म्हणून पांढऱ्याचा घोडा जी५वर सुखरूप राहतो आणि एफ७वर उंटासोबत दुहेरी मारा करतो. काळ्याने उंट सी५ला नेला तर कर्ण मोकळा, घोडा गेला. उंट ई७ला नेला तरी गेला, फक्त मारणारा उंट. व्हिडिओ करणाऱ्याने हे सांगितलं नसेल असं मी म्हणणार नाही. पाहणाऱ्याने खेळी लक्षात ठेवली आणि ती कशामुळे चालते ते सोडून दिलं. व्हिडिओत काळा नेहमी तीच खेळी करतो, त्यामुळे ‘कशामुळे’ हा प्रश्न डोक्यात यायला जागाच उरत नाही.

पहिला धडा त्यामुळे हाच. एकच पोझिशन तीनदा येणार: काळ्याने घोडा एफ६ केलंय, उंट सी५ केलंय, उंट ई७ केलंय. प्रत्येक वेळी आधी विचारायचं, घोडा जी५ चालेल का? हो की नाही ते सांगितल्यावरच पट हलू द्यायचा.

सरांना दाखवलं. म्हणाले, ‘तिन्हींचा क्रम दर वेळी बदलता ठेव, नाहीतर हो-नाही-नाही पाठ करतील.’ पोरांना ओळखतात.

४ मे २०२५

धडे मुलांच्या हातात दिले. आई-वडिलांचे फोन, काही फुटक्या काचांचे.

पहिली गोष्ट ध्यानात आली ती ठिपक्यांची. सोंगटीवर बोट ठेवलं की ती कुठे कुठे जाऊ शकते ते ठिपके पटावर दिसतात. सोय म्हणून उत्तम. पण एक मुलगा काय करत होता, तर एकेका सोंगटीवर बोट ठेवून ठिपके पाहायचा आणि त्यात शत्रूच्या सोंगटीवर पडलेला ठिपका शोधायचा. सापडला की मारायचं. विचार म्हणून जे काही व्हायला हवं होतं ते सगळं फोन करत होता. हाच मुलगा लाकडी पटावर लांबच्या कर्णावरचा उंट हमखास विसरतो, कारण तिथे ठिपके उगवत नाहीत. सोंगट्यांच्या चाली शिकवणारे पहिले धडे सोडले तर ठिपके बंद करायचे.

दुसरी गोष्ट म्हणजे अंदाजपंचे टिचक्या. चुकलं तर लाल फुली येते, परत करा. फुलीने काहीच बिघडत नसल्यामुळे मुलं धडा कुलपाचा नंबर लावल्यासारखा सोडवतात. हे नाही? मग ते. तेही नाही? मग ते तिसरं. शेवटी हिरवी खूण येते आणि धडा ‘पूर्ण’. व्हिडिओ नुसता पाहणाऱ्यापेक्षा हे मूल जास्त शिकलं, असं मला तरी छातीठोकपणे म्हणवणार नाही.

म्हणून दोन बदल. लाल फुली काढली. चुकीची खेळी केली की काळा तिची शिक्षा पटावरच देतो. घोडा जी५ केलंस? हा वजीर आला, घोडा गेला, आता पुढे खेळ. वाक्य लिहून सांगण्यापेक्षा हे कैक पटीने लागतं. आणि जिथे दोन-तीन खेळ्यांचं गणित आहे तिथे पहिल्या खेळीला निकाल द्यायचा नाही. आपली खेळी, समोरच्याचं उत्तर, आपली पुढची खेळी हे सगळं आधी भरायचं, मग तपासणी. समोरच्याचं उत्तर भरताना पोरं जी कुरकुर करतात, तिथेच खरं काम चाललेलं असतं.

लीचेसच्या धड्यात हे दुसरं करता येत नाही, त्यामुळे स्वतःचं पान लिहायला घेतलंय. पट काढायला चेसग्राउंड, खेळी नियमात बसते का ते बघायला चेसजेएस. चेसग्राउंड जीपीएल परवान्याखाली आहे, म्हणजे आपलाही कोड खुला ठेवावा लागेल. आपल्याला काय, विकायचंय कुठे.

११ मे २०२५

व्हिडिओंचा दिवस. सरांना कॅमेऱ्यासमोर बसवणं हे ४४ अंशांत कूलर बंद ठेवण्याइतकंच कठीण, आणि दोन्ही एकदमच करावं लागलं, कारण कूलरचा आवाज माइकमध्ये येतो. सर सुरुवातीला बातम्या वाचल्यासारखे बोलत होते. मग मी त्यांच्यासमोर एक मुलगी बसवली, की झालं.

व्हिडिओ लहान ठेवलेत. २०१४ मध्ये एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावरच्या व्हिडिओंचा एक मोठा अभ्यास झाला होता. त्यात व्हिडिओ कितीही लांब असो, माणसं साधारण सहा मिनिटांच्या आसपासच टिकतात असं दिसलं. आमचे त्याच्या आतले आहेत. विषय: राजासमोर राजा, शेवटच्या रांगेवरची मात, पिन (हलली की मागची मोठी सोंगटी जाते म्हणून जखडलेली सोंगटी), आणि फ्राइड लिव्हर तर आहेच.

१८ मे २०२५

तुलना कशी करायची याची मांडणी. मुलं थोडी आहेत, यातून काही सिद्ध होणार नाही हे सरांना आणि मला दोघांनाही ठाऊक आहे. पण निदान हुशार मुलं एका गटात आणि बाकीची दुसऱ्यात असा घोळ नको. म्हणून अदलाबदल: ‘राजासमोर राजा’ हा विषय एका गटाला व्हिडिओतून, दुसऱ्याला धड्यातून, ‘शेवटच्या रांगेवरची मात’ याच्या उलट. आठवड्याने चाचणी. चाचणी लाकडी पटावर, सरांविरुद्ध, फोन पिशवीत.

मुख्य पोझिशन इथे लिहून ठेवतो. पांढरा राजा ई५, प्यादं ई४, काळा राजा ई७. दोन्ही राजे समोरासमोर, मध्ये एक घर. ज्याची खेळी त्याची पंचाईत. काळ्याची खेळी असेल तर त्याला बाजूला व्हावं लागतं, पांढरा राजा दुसऱ्या बाजूने आत शिरतो, प्यादं वजीर होतं. पांढऱ्याची खेळी असेल तर तो जिकडे सरकेल तिकडे काळाही सरकतो आणि डाव बरोबरीत.

चाचणीत हीच पोझिशन सी पट्टीवर सरकवून, आणि मग एकदा ए पट्टीवर. ए पट्टीचं व्हिडिओत आणि धड्यात दोन्हीकडे मुद्दाम सांगितलेलं नाही. कडेच्या प्याद्याला हा नियम वाचवत नाही. राजासमोर राजा मिळवूनही काळा राजा कोपऱ्यात जाऊन बसतो आणि शेवटी एकही खेळी न उरल्याने बरोबरी होते. बघू कोणाला खटकतं.

२५ मे २०२५

चाचणी झाली. आकडे लिहीत नाही, एवढ्याशा मुलांचे टक्के काढणं म्हणजे आपलीच फसवणूक. जे दिसलं ते लिहितो.

व्हिडिओवाल्या मुलांना नियम बोलता येत होता, तोही सरांच्या लकबीसकट. ‘राजासमोर राजा, मध्ये एक घर, खेळी त्याची.’ पण पट सी पट्टीवर सरकला तेव्हा बऱ्याच जणांनी राजा आत नेण्याऐवजी नुसता बाजूला घेतला आणि प्यादं पुढे ढकललं. प्यादं ढकललं की राजा प्याद्यापुढे उरला नाही आणि जिंकणारा डाव गेला. एका मुलीने प्यादं ढकललं, हात तसाच ठेवला, नियम परत एकदा पुटपुटली आणि मग सरांकडे पाहून ओशाळं हसली. तिला नियम पूर्ण येत होता, फक्त तो हातापर्यंत पोचायला उशीर झाला.

धडेवाल्यांचा हात बरोबर गेला. राजा आधी, प्यादं मागून. पण ‘असं का?’ विचारलं की उत्तर ‘असंच असतं’. आणि ए पट्टीवर त्यांनी तितक्याच ठामपणे तेच केलं आणि जिंकलो म्हणून हात वर केले. व्हिडिओवाल्यांपैकी एकाने निदान विचारलं, ‘सर, पण हा कोपऱ्यात बसला तर?’ सरांनी त्या एका प्रश्नावर त्याला डोक्यावर घ्यायचं बाकी ठेवलं.

‘शेवटच्या रांगेवरची मात’ या विषयात मात्र काही वादच नव्हता. धड्यातून आलेल्यांना ती दिसते, व्हिडिओतून आलेल्यांना ती आठवते, आणि आठवेपर्यंत संधी निघून जाते. हे नमुना ओळखण्याचं काम आहे, ते डोळ्याला शेकडो पट दाखवूनच होतं. चेस आणि सायमन यांनी १९७३ मध्ये मास्टर खेळाडूंना खऱ्या डावातला पट पाच सेकंद दाखवून तो पुन्हा मांडायला लावला होता. मास्टरने नवशिक्याच्या कितीतरी पट जास्त मोहरे जागेवर ठेवले, आणि मोहरे अस्ताव्यस्त मांडलेल्या पटावर त्याची ती आघाडी जवळजवळ नाहीशी झाली. स्मरणशक्ती सगळ्यांची बेताचीच, ओळखीचे आकार मात्र मास्टरकडे ढीगभर. तो ढीग पाहुण्यासारखं बसून जमत नाही.

चाचणीआधी एक प्रश्न विचारला होता: तुम्हाला हा विषय किती समजला? व्हिडिओवाले एकजात ‘पूर्ण’. धडेवाले ‘थोडा थोडा’, ‘मी खूप चुकलो’. हे नवीन नाही. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्राच्या वर्गात २०१९ मध्ये हेच दिसलं: स्वतः सोडवत शिकलेल्यांना गुण जास्त, पण आपण कमी शिकलो असं त्यांचं मत, छान व्याख्यान ऐकलेल्यांचं उलट. आणि २०१८ च्या शिकागोतल्या एका अभ्यासात, भांडी न पाडता टेबलावरचं कापड ओढून काढण्याचा व्हिडिओ वीस वेळा पाहिलेल्यांना आपल्यालाही हे जमेल अशी खात्री एकदाच पाहिलेल्यांपेक्षा जास्त वाटली. त्याच अभ्यासात डार्ट फेकायला किंवा मूनवॉक करायला लावलं तेव्हा जास्त वेळा पाहणाऱ्यांचं प्रत्यक्षात काही सरस निघालं नाही.

पालकांना हे समजावणं अवघड आहे. एक आई म्हणाल्या, ‘व्हिडिओच द्या हो, धडे केले की तो चिडचिड करतो.’

८ जून २०२५

हत्तीच्या अंतिम डावात धड्याचं यंत्र अडलं. इथे जरा सविस्तर लिहितो, पुढे कोणी हे काम हातात घेतलं तर उपयोगी पडेल.

लुसेना पोझिशन. पांढरा राजा जी८, प्यादं जी७, हत्ती एफ१. काळा राजा ई७, हत्ती एच२. (नाव लुसेनाचं, पण त्याच्या १४९७ च्या पुस्तकात ही पोझिशन नाहीच, ती साल्व्हिओच्या १६३४ च्या पुस्तकात येते. बुद्धिबळात नावं अशीच चिकटतात.) पांढऱ्याचा राजा प्याद्यासमोर अडकलाय, बाहेर आला की काळा हत्ती शहांचा मारा करणार. उपाय ‘पूल’ बांधायचा: हत्ती एफ४, मग ई४वरून शह, मग राजा बाहेर, शह खात खात जी५पर्यंत, आणि शेवटच्या शहाला हत्ती जी४वर आडवा.

धड्यात हत्ती एफ४ हे उत्तर ठेवलं होतं. आठवीतल्या मुलीने आधी हत्ती ई१वरून शह दिला. पान म्हणालं, चूक. ती म्हणाली, ‘का चूक? राजा डी७ला गेला की मी हत्ती ई४ करणार, पूल तोच.’ तिचं शंभर टक्के बरोबर. आणखी पुढे जायचं तर, हत्ती नुसता एफ३वर नेला तरी डाव जिंकलेलाच राहतो, कारण काळ्याला त्या एका खेळीत काहीही साधता येत नाही.

डावपेचांच्या कोड्यात एकच खेळी बरोबर असते, तशीच पोझिशन निवडलेली असते. अंतिम डावात तसं नसतं. ठरावीक उत्तराशी जुळवून बघणारा धडा इथे सरळ खोटं शिकवतो. व्हिडिओला ही अडचणच येत नाही. सर म्हणतात, ‘असंही चालेल, तसंही चालेल, पण मला हा रस्ता आवडतो’, आणि मुलांना ते पटतं.

तोड अशी काढली. सात मोहऱ्यांपर्यंतच्या सगळ्या पोझिशन सोडवून ठेवलेल्या आहेत, आणि लीचेस ते टेबलबेस सगळ्यांना खुले देतं. मुलाच्या प्रत्येक खेळीनंतर पान तिथे विचारतं: जिंकलेला डाव अजून जिंकलेलाच आहे का? असेल तर पुढे जा, खेळी कोणतीही असो. पण मग दुसरं टोक. एक शहाणा हत्ती एफ१, एफ३, एफ१, एफ३ असा झोका देत बसला आणि पान प्रत्येक वेळी ‘छान’ म्हणत राहिलं. म्हणून खेळ्यांची मर्यादा घातली. पाच मोहऱ्यांपर्यंत मात किती खेळ्यांवर आहे तेही टेबलबेस सांगतं. त्यावरून थोडी सैल मर्यादा ठेवलीय. ती संपेपर्यंत प्यादं वजीर झालं पाहिजे.

नेट नसेल तर हे चालत नाही. फोनमध्येच स्टॉकफिश हा बुद्धिबळ खेळणारा प्रोग्राम टाकायचा विचार सोडला, कारण त्याच्या न्यूरल नेटवर्कची फाइल या जुन्या फोनांना झेपत नाही.

२२ जून २०२५

शाळा उघडताहेत, वर्ग आता फक्त रविवारी.

मेच्या चाचणीनंतर मी धड्यांच्या बाजूने झुकलो होतो. आज नव्या मुलांनी परत मधे आणलं. ज्यांना पिन म्हणजे काय हेच माहीत नाही अशांना थेट पिनचे धडे दिले. ती शोधत राहिली, थकली, आणि टिचक्या मारू लागली. सोडवायचं कशाच्या जोरावर? स्वेलर आणि कूपर यांनी १९८५ मध्ये बीजगणितात दाखवलं होतं की अगदी नवशिक्याला सोडवून दाखवलेली उदाहरणं अभ्यासणं हे स्वतः धडपडण्यापेक्षा जास्त लाभतं. पुढे जसजसं येऊ लागतं तसतसा तो लाभ संपतो, उलट अडथळा होतो. म्हणजे व्हिडिओची जागा सुरुवातीला आहे आणि ती थोडक्यात आटपायला हवी. आमची पोरं नेमकं उलट करतात: जे येतं त्याचेच व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहतात, कारण छान वाटतं.

व्हिडिओचं दुसरं एक काम आहे, ते कुठल्याही टिचकीच्या धड्याला जमणार नाही. सरांचा एक व्हिडिओ आहे, त्यात ते एका साध्या डावात मोठ्याने विचार करतात. ‘हा उंट मारावासा वाटतोय... मारला तर तो प्याद्याने घेईल... मग माझा हत्ती उघडा... नको. मग काय? त्याला काय करायचंय ते आधी बघू.’ आवडलेली खेळी टाकून देताना माणूस ऐकू येतो. डॅनियल नारोडित्स्की या अमेरिकन ग्रँडमास्टरच्या ‘स्पीडरन’ व्हिडिओंची एवढी चाहत आहे ती यामुळेच: कमी रेटिंगच्या खेळाडूंशी खेळताना तो एकेक खेळी का करतो आणि का करत नाही ते बोलत जात असे. धड्यात बरोबर खेळी दिसते, टाकून दिलेल्या दहा खेळ्या दिसत नाहीत. आणि कोड्याच्या पटावर काहीतरी आहे हे तुम्हाला आधीच माहीत असतं. खऱ्या डावात ‘इथे आता थांब आणि बघ’ असं सांगायला कोणी येत नाही.

तेव्हा आता दोन्ही एकत्र. सरांच्या व्हिडिओला पट जोडलाय. सर पोझिशन सांगतात, ‘आता तुम्ही’ म्हणतात आणि व्हिडिओ आपोआप थांबतो. पटावर खेळी केल्याशिवाय पुढे जात नाही. खेळी बरोबर असो वा चूक, मग सर आपला विचार बोलून दाखवतात. निकाल व्हिडिओ देत नाही; मूल स्वतः ताडून बघतं. आणि तीन धड्यांमागे एक असा पट घुसडलाय, ज्यात काहीच नाही. मारायचं नाही, मात नाही. फक्त आपली एखादी सोंगटी चांगल्या घरी न्यायची. पोरं त्यावर जाम भडकतात.

१३ जुलै २०२५

वापर घसरला. शाळा, ट्यूशन, आणि फोन बाबांसोबत ऑफिसात. व्हिडिओ तरी जेवताना बघितला जातो, धड्याला बसावं लागतं.

सरांनी सुचवलं ते इतकं साधं की मी आधी मनावर घेतलं नाही: कागद. सहा पटांची झेरॉक्स, पेन्सिलने बाण काढायचा, खाली समोरच्याचं उत्तर लिहायचं. नेदरलँड्समधली स्टेप्स पद्धत, ब्रुनिया आणि व्हॅन वायगर्डन यांनी १९८७ मध्ये सुरू केलेली, अशाच सरावाच्या वह्यांवर चालते. कागदावर ठिपके उगवत नाहीत, फुली लगेच येत नाही, आणि खोडरबर वापरला की दिसतं. मूल नुसतं बघत न बसता स्वतः काही ठरवतं, त्याला स्क्रीन लागतेच असं नाही. माझं पान लिहिण्यात गेलेल्या रात्री आठवून थोडं वाईट वाटलं, पण फार नाही. लुसेनाचा निवाडा कागद कसा करणार?

झेरॉक्सचा खर्च वाचनालयाने उचललाय.

२९ जुलै २०२५

काल जॉर्जियातल्या बातुमीत दिव्या देशमुखने महिला विश्वचषक जिंकला. नागपूरची, १९ वर्षांची, अंतिम फेरीत समोर कोनेरू हंपी. क्लासिकलचे दोन्ही डाव बरोबरीत, मग रॅपिड (कमी वेळाच्या) टायब्रेकमध्ये एक बरोबरी आणि एक विजय. विजेतेपदासोबत थेट ग्रँडमास्टर किताब, भारताची ८८वी. किताबासाठी एरवी लागणारा एकही ग्रँडमास्टर नॉर्म (स्पर्धेतली पात्रता कामगिरी) गाठीशी नसताना!

आज मंगळवार, वर्ग नसताना हॉल भरला. दोन वर्षांपूर्वी सोडून गेलेला मुलगाही परत आला. बहुतेकांनी डाव चेसबेस इंडियाच्या यूट्यूबवर थेट पाहिला होता. किती समजला ते विचारू नये, पण प्रत्येकाला घड्याळात किती वेळ उरला होता ते माहीत होतं. एवढी मुलं पटावर आणून बसवणं हे माझ्या कुठल्याही धड्याच्या बापाला जमलं नसतं. सरांनी संधी साधून शेवटचा डाव डेमो बोर्डावर मांडला आणि दर काही खेळ्यांनी थांबून विचारलं, ‘दिव्या काय खेळली असेल?’ हात वर करायचे नाहीत, वहीत लिहायचं. पाचवीतली तीच मुलगी, जिने एप्रिलमध्ये वजिराने घोडा मारला होता, तिचं एकदा जुळलं. पुढचा तासभर ती जमिनीवर नव्हती.

१७ ऑगस्ट २०२५

सध्याची स्थिती लिहून ठेवतो, कारण आता माझ्या कामाचा व्याप वाढतोय आणि पुढचं बरंचसं कॉलेजातल्या दोन मुलांकडे जाईल.

नवा विषय उघडायला सरांचा छोटा व्हिडिओ, एकदाच. त्यानंतर तो व्हिडिओ यादीतून दिसेनासा होतो. पुन्हा हवा असेल तर त्या विषयाचे धडे सोडवल्यावर उघडतो. यावर मुलांनी आणि पालकांनी मिळून ओरड केली, ती चालू राहू दे. मात, पिन, फोर्क (एका सोंगटीचा दोघांवर एकदम मारा) यांचे नमुने पूर्णपणे धड्यांत आणि कागदावर. प्याद्यांचे आणि हत्तींचे अंतिम डाव टेबलबेसवाल्या पानावर, पण ए आणि एच पट्टीचे अपवाद सरांच्या आवाजात, कारण तिथे ‘का’ सांगावंच लागतं. ओपनिंगचे व्हिडिओ बनवायचे नाहीत. फ्राइड लिव्हरचा तीन फांद्यांचा धडा आहे तो पुरे.

राहिलेली कामं: हत्तीच्या अंतिम डावातला फिलिडोरचा बरोबरीचा बचाव पानावर आणायचा आहे. तिथे निवाडा उलटा लागेल, बरोबरी टिकली का एवढंच बघायचं आणि खेळ्यांची मर्यादा काढून टाकायची. मोठ्याने विचार करण्याचे आणखी व्हिडिओ हवेत, पण सरांऐवजी आठवीतल्या त्या लुसेनावाल्या मुलीचे. तिचा विचार लहानांना जास्त जवळचा वाटेल असं सरांचं म्हणणं आहे, आणि ती तयार आहे. जुन्या फोनांवर प्याद्याचा वजीर करताना निवडीची चौकट पटाच्या बाहेर जाते, ते दुरुस्त करायचं. झेरॉक्सचे कागद संपत आलेत.